एका देहातले दोन विषाणू

सेनेगलमध्ये देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची सरकारदरबारी नोंदणी १९६९ पासून होत असे. नोंद झालेल्या बाईने ठरावीक मुदतीने दवाखान्यात यायचं, गुप्तरोगांची तपासणी करून घ्यायची आणि गरज असेल तर औषध न्यायचं, हा रिवाज राजधानी डाकारमध्ये चांगला रुळला होता. १९८५ साली तिथले सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सुलेमान म्बूप यांनी यातल्या काही स्त्रियांच्या रक्ताचे नमुने परदेशी तपासायला दिले. एड्सच्या विषाणूचा पॅरिसमध्ये शोध लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षं झाली होती. फ्रान्सचे फ्रान्सिस बारँ आणि हार्वर्ड विद्यापीठातले मॅक्स एसेक्स व फिलिस कांकी यांनी हे नमुने हाती घेतले.

कांकी मूळच्या पशुवैद्यक. आशियाई मकाक माकडांमध्ये आढळलेल्या, एड्ससारखाच आजार करणाऱ्या एका विषाणूवर त्या काम करत होत्या. डाकारच्या स्त्रियांच्या रक्तातली प्रतिपिंडं माणसाच्या एड्स-विषाणूच्या प्रथिनांशी जुळत होती खरी, पण ओढूनताणून. माकडाच्या विषाणूची प्रथिनं समोर येताच मात्र तीच प्रतिपिंडं त्यांना घट्ट चिकटत. माकडाच्या विषाणूशी जवळचं नातं असलेला, पण माणसात वस्तीला आलेला एक दुसराच विषाणू या स्त्रियांच्या शरीरात होता. आणि त्या वरकरणी ठणठणीत होत्या.

पुढच्याच वर्षी या विषाणूचा प्रत्यक्ष पत्ता लागला तो लिस्बनमध्ये. तिथल्या एगास मोनिझ रुग्णालयात गिनी-बिसाऊ आणि केप व्हर्दे या पोर्तुगालच्या जुन्या वसाहतींमधून आलेले काही रुग्ण होते. आजार उघड उघड एड्सचा, पण एड्सची चाचणी नकारात्मक. औषधशास्त्राच्या प्राध्यापक ओडेट फरेरा यांनी या रुग्णांचं रक्त पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोचवलं. तिथे फ्रान्स्वा क्लावेल आणि ल्युक माँतान्ये यांच्या गटाने त्यातून नवा विषाणू वेगळा केला आणि १९८६ साली ते जाहीर केलं. हाच एचआयव्ही-२. हार्वर्डच्या गटानेही असा विषाणू वेगळा केल्याचं म्हटलं होतं, पण तो प्रयोगशाळेतल्या माकडाचाच विषाणू नमुन्यात मिसळला होता, हे १९८८ साली उघड झालं. डाकारच्या रक्तावरून काढलेला मूळ निष्कर्ष मात्र टिकला.

दोन्ही विषाणूंची वंशावळ नंतर उलगडत गेली. आधी सापडलेला एड्सचा विषाणू, म्हणजे एचआयव्ही-१, मध्य आफ्रिकेतल्या चिंपांझींकडून माणसात आला. एचआयव्ही-२चा पूर्वज पश्चिम आफ्रिकेतल्या सूटी मँगाबी जातीच्या माकडात आहे, हे १९८९ साली सिद्ध झालं. २००३ साली विषाणूच्या जनुकांमधले बदल मोजून मागे जात जात संशोधकांनी त्याच्या मानवी प्रवासाची सुरुवात १९४०च्या आसपास नेली. गिनी-बिसाऊमध्ये त्याचा फैलाव झपाट्याने वाढला तो १९५५ ते १९७० या काळात. तिथला स्वातंत्र्यलढा १९६३ ते १९७४ चालला. छावण्या, विस्थापन, घाईत दिलेली इंजेक्शनं, रक्त चढवणं आणि सैनिकांचा वावर यांनी विषाणूला वाट करून दिली असावी, असं अभ्यासक मानतात. पुढे पोर्तुगालमध्ये सापडलेल्या रुग्णांत त्या युद्धात लढून परतलेले सैनिकही होते.

एचआयव्ही-१ने पश्चिम आफ्रिकेत पाय टाकला तेव्हा एचआयव्ही-२ तिथे आधीच मुरलेला होता. दोन्ही विषाणू एकाच मार्गाने पसरणारे आणि प्रतिकारशक्तीच्या एकाच, सीडी४ नावाच्या, पेशींवर डोळा ठेवणारे. त्यामुळे एका देहात दोघं येणं अटळ होतं. तसे रुग्ण दिसू लागले आणि संशोधक एका प्रश्नाच्या मागे लागले: दोघं एकत्र आल्यावर एकमेकांच्या वाढीचं काय करतात?

हा प्रश्न समजायला या विषाणूंची वाढ कशी होते ते जवळून पाहायला हवं. हे दोन्ही रिट्रोव्हायरस, आणि रिट्रोव्हायरसचा जनुकीय मजकूर आरएनएच्या रूपात असतो. पेशीत शिरल्यावर तो त्याची डीएनए प्रत काढतो. ही उलटी नक्कल करणारं विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० साली स्वतंत्रपणे शोधलं. ही प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये कायमची गोवली जाते. पुढे पेशी जागी झाली, कामाला लागली की त्या गोवलेल्या प्रतीवरून नवे विषाणू तयार होतात. एचआयव्ही-१ची लागण झालेल्या, औषध न घेणाऱ्या माणसाच्या शरीरात रोज हजार कोटींच्या घरात विषाणूकण तयार होतात, असा हिशेब १९९६ साली मांडला गेला.

एचआयव्ही-२चं वागणं वेगळं. त्याची लागण झालेल्या माणसाच्या पेशींमध्ये गोवलेल्या प्रती मोजल्या तर त्या एचआयव्ही-१च्या रुग्णाइतक्याच भरतात. रक्तद्रवात वाहणारे विषाणू मोजले तर डाकारच्या मोजणीत ते सुमारे ३० पटींनी कमी निघाले. पेरणी तेवढीच, पीक मात्र तुटपुंजं. या विषाणूच्या प्रथिनांना शरीराची प्रतिकारशक्ती अधिक नेटाने उत्तर देते आणि त्याला दाबून ठेवते. म्हणूनच तो आईकडून बाळाकडे क्वचितच जातो आणि आजारही उशिरा आणतो. मात्र ‘सौम्य’ हे विशेषण जपून वापरावं लागतं. गिनी-बिसाऊमधल्या दीर्घ पाहणीत लागणीपासून एड्सपर्यंतचा मध्यम काळ एचआयव्ही-१ मध्ये ६.२ वर्षं आणि एचआयव्ही-२ मध्ये १४.३ वर्षं निघाला. हा विषाणूही औषधाविना सोडला तर बहुतेकांना शेवटी आजारी पाडतोच, फक्त सावकाश.

१९९५ साली डाकारहून आलेल्या एका शोधनिबंधाने खळबळ माजवली. म्बूप, कांकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७५६ स्त्रियांचा १९८५ ते १९९४ असा पाठपुरावा केला होता. त्यांना आढळलं की ज्या स्त्रियांना आधीच एचआयव्ही-२ होता, त्यांना एचआयव्ही-१ची लागण होण्याचं प्रमाण कोणतीच लागण नसलेल्या स्त्रियांच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश होतं. इतर गुप्तरोग मात्र या एचआयव्ही-२च्या स्त्रियांनाच अधिक होत होते. म्हणजे त्यांचा धोक्याशी संबंध कमी येत होता, असं म्हणायलाही जागा नव्हती. गाईच्या देवीची लागण झालेल्या गवळणींना माणसाची देवी होत नाही, या निरीक्षणावरून जेन्नरने लस घडवली होती. एड्सच्या लशीची वाट सगळं जग पाहत असताना तसलंच काही हाती लागलं की काय, या आशेने अनेकांचे डोळे डाकारकडे लागले.

आशा फार काळ टिकली नाही. गांबिया, गिनी-बिसाऊ आणि आयव्हरी कोस्ट इथल्या गटांनी आपापल्या नोंदी तपासल्या तेव्हा त्यांना असं संरक्षण दिसलं नाही. काही ठिकाणी तर एचआयव्ही-२ असलेल्यांनाच एचआयव्ही-१ अधिक होत होता. कारण उघड आहे. ज्या वाटेने पहिला विषाणू आला त्याच वाटेने दुसराही येतो. डाकारच्या स्त्रिया एकाच व्यवसायातल्या, एकाच दवाखान्यात येणाऱ्या. इतर पाहण्यांतली माणसं वेगवेगळ्या गटांतली. त्यामुळे तुलना सरळ नव्हती.

चाचणीतही मोठी अडचण होती. त्या काळी खात्रीसाठी वेस्टर्न ब्लॉट वापरत. नायट्रोसेल्युलोजच्या अरुंद पट्टीवर विषाणूची प्रथिनं आकारमानानुसार ओळीने बसवलेली असतात. पट्टी रुग्णाच्या रक्तद्रवात बुडवली की ज्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं असतील तिथे रेघ उमटते. एचआयव्ही-१ची पट्टी वेगळी, एचआयव्ही-२ची वेगळी. पण दोन्ही विषाणूंची गाभ्यातली प्रथिनं इतकी सारखी की एकाविरुद्धची प्रतिपिंडं दुसऱ्याच्या पट्टीवरही रेघा उमटवतात. खरा फरक कळतो बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनांवरून, आणि तिथेही रेघ कधी गडद, कधी अगदी पुसट. ‘दोन्ही पट्ट्या सकारात्मक’ असा शेरा मिळालेल्या अनेकांच्या पेशींत पुढे पीसीआर या जनुकीय चाचणीने शोध घेतला तर एकच विषाणू सापडे. दुहेरी लागण किती जणांना आहे हेच नीट ठरत नसताना तिच्या परिणामांवर वाद होणं साहजिक होतं.

माणसांवरच्या पाहण्या अशा अडल्या, पण प्रयोगशाळेत काम पुढे सरकत होतं. पेशींना आधी एचआयव्ही-२ची आणि मग एचआयव्ही-१ची लागण केली की एचआयव्ही-१ची वाढ मंदावते, असं एकाहून अधिक गटांना दिसलं. यामागची एक यंत्रणा विषाणूच्या कळीपाशीच आहे. दोन्ही विषाणू टॅट नावाचं प्रथिन बनवतात. ते नव्याने निघणाऱ्या आरएनएच्या टोकावरच्या एका वळशाला जाऊन चिकटतं आणि नकलेचा वेग कितीतरी पटींनी वाढवतं. एचआयव्ही-१च्या टोकावर असा एक वळसा असतो, एचआयव्ही-२च्या टोकावर दोन. एचआयव्ही-१चं टॅट एचआयव्ही-२च्या वळशांवर उत्तम काम करतं. उलट एचआयव्ही-२चं टॅट एचआयव्ही-१च्या वळशावर फारसं चालत नाही. त्यामुळे एकाच पेशीत दोघं असले तर एचआयव्ही-१ने घडवलेलं टॅट एचआयव्ही-२च्या वळशांतही अडकून पडतं आणि एचआयव्ही-१ची स्वतःची नक्कल मंदावते.

दुसरी यंत्रणा पेशीच्या दाराशी आहे. १९९५च्या डिसेंबरमध्ये पाओलो लुसो, रॉबर्ट गॅलो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शरीरातल्या सीडी८ पेशी जे तीन केमोकाइन (पेशींना निरोप देणारी प्रथिनं) स्रवतात त्यांच्यामुळे एचआयव्ही-१ रोखला जातो. काही महिन्यांतच कोडं सुटलं. हे केमोकाइन पेशीवरच्या सीसीआर५ या ग्राहकावर जाऊन बसतात, आणि एचआयव्ही-१ला आत शिरायला तेच दार लागतं. एचआयव्ही-२ असलेल्यांच्या पेशींतून हे केमोकाइन जास्त पाझरतात आणि एचआयव्ही-१च्या वाढीला आळा बसण्यात त्यांचा हात आहे, असं कांकी यांच्या गटाने २००० साली मांडलं.

याच सुमारास दुसऱ्या एका जोडीतही हेच दार पुढे आलं. एचटीएलव्ही-२ हा माणसाचा आणखी एक रिट्रोव्हायरस. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्स शहरात सुईने नशा करणाऱ्या एचआयव्हीबाधितांत तो मोठ्या प्रमाणावर आहे, हे १९८९ साली कळलं होतं. इटलीतल्या संशोधकांनी २००० साली दाखवलं की एचटीएलव्ही-२ पेशींकडून त्यातला एक केमोकाइन भरपूर तयार करून घेतो आणि त्यामुळे एचआयव्ही-१ची वाढ दबते. न्यू ऑर्लिन्सच्या २००४च्या अभ्यासात अशा दुहेरी लागणीच्या रुग्णांचा आजार सावकाश पुढे सरकलेला दिसला. त्याचा भाऊबंद एचटीएलव्ही-१ मात्र उलट वागतो. त्याचं टॅक्स हे प्रथिन पेशीला इतकं चेतवतं की एचआयव्ही-१च्या नकलेला चालना मिळते, हे १९८७ सालीच प्रयोगशाळेत दिसलं होतं. ब्राझीलमध्ये हे दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णांत सीडी४ पेशींचा आकडा चांगला दिसे, पण आजार पुढे गेलेला असे. एचटीएलव्ही-१ त्या पेशींची संख्या नुसतीच फुगवत होता. साल्वादोर शहरातल्या एका पाहणीत अशा रुग्णांचं आयुष्य कमी भरलं. म्हणजे ‘दोन विषाणू एकत्र आले की काय होतं’ याचं सरसकट उत्तर नाही. कोणता विषाणू, कोणत्या पेशीत, आणि आधी कोण आला, यावर सगळं ठरतं.

‘आधी कोण आला’ याचा निकाल लावायचा तर माणूस निरोगी असल्यापासून त्याच्या नोंदी हाताशी हव्यात. ते काम झालं बिसाऊमध्ये. १९९० पासून तिथल्या पोलिसांची एक पाहणी सुरू होती. स्वीडनच्या लुंड विद्यापीठातले हान्स नॉरग्रेन आणि बिसाऊच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेतले झकारियास दा सिल्व्हा यांच्यासारख्या माणसांनी ती चालवली. पोलीस नेमानं येत, रक्त देत, तपासून घेत. १९९८-९९ मध्ये देशात यादवी पेटली, राजधानीतच तोफा धडधडल्या. तरीही पाहणीचा धागा तुटू दिला नाही. सुमारे २० वर्षांनी, २०१२ साली, योआकिम एस्ब्यर्नसन आणि सहकाऱ्यांनी तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला.

पाहणीत सामील झाल्यानंतर ज्यांना एचआयव्ही-१ची लागण झाली अशा २२३ जणांच्या नोंदी त्यांनी लावून पाहिल्या. फक्त एचआयव्ही-१ असलेल्यांना एड्स होईपर्यंतचा मध्यम काळ ६८ महिने निघाला. दोन्ही विषाणू असलेल्यांचा १०४ महिने. एचआयव्ही-२ आधी आलेला असेल तर फायदा अधिक ठळक होता आणि सीडी४ पेशींची पातळीही वर राहत होती. दुहेरी लागणीत एचआयव्ही-१च्या जनुकांतली विविधताही कमी आढळली. हा विषाणू प्रत्येक नकलेत चुका करतो आणि त्या चुकांच्या बळावरच प्रतिकारशक्तीला हुलकावणी देतो. विविधता कमी म्हणजे आधी आलेल्या विषाणूने तयार केलेल्या प्रतिकाराने दुसऱ्याला मोकळं रान मिळू दिलं नाही, असा अर्थ निघतो.

१९९५ साली विचारलं गेलं होतं की एचआयव्ही-२ दार बंद करतो का. बिसाऊने दिलेलं उत्तर असं की दार तो बंद करत नाही, पण आत आलेल्याची चाल मंद करतो. तीही कायमची नाही. २०१३ साली सेनेगलच्याच रुग्णांवरून दिसलं की सीडी४ पेशी घसरत गेल्या की एचआयव्ही-१ वरचढ होतो आणि एचआयव्ही-२ रक्तात दिसेनासा होतो. नुसत्या पेशींच्या संवर्धनात दोघांना झुंजवलं तेव्हाही एचआयव्ही-१ची मुख्य जात सरस ठरली होती. शर्यतीत पहिलं पाऊल कुणी टाकलं याला महत्त्व आहे, पण धाव लांबली की जोरकस विषाणूच जिंकतो. लोकसंख्येतही तेच घडलं. बिसाऊमध्ये १९९६ ते २००६ या दहा वर्षांत प्रौढांतला एचआयव्ही-२ ७.४ टक्क्यांवरून ४.४ वर उतरला आणि एचआयव्ही-१ दुपटीने वाढला.

या कथेचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्याला येऊन मिळतो. १९९१ साली फ्रँकफर्टच्या हेल्गा र्‍युब्सामेन-वाइगमान आणि मुंबईचे डॉ. जे. के. मणियार यांच्या गटाने भारतात एचआयव्ही-२ पसरत असल्याचं कळवलं. १९९४च्या निबंधात त्यांनी महाराष्ट्र आणि गोवा या दोन राज्यांची नावं घेऊन सांगितलं की आफ्रिकेबाहेर एचआयव्ही-१ आणि एचआयव्ही-२ या दोन साथी सोबत चालताना इथेच पहिल्यांदा दिसत आहेत. विषाणू इथवर कसा आला याचा माग काढताना अभ्यासकांनी बोट दाखवलं ते जुन्या पोर्तुगीज संबंधांकडे. अंगोला, मोझांबिक, ब्राझील, गोवा ही नावं एचआयव्ही-२च्या नकाशावर एकत्र येतात, त्यामागे हाच इतिहास आहे असं मानलं जातं.

आपल्याकडे या ज्ञानाचा संबंध थेट औषधाच्या गोळीशी आहे. एप्रिल २००४ मध्ये सरकारी एआरटी (विषाणूरोधक उपचार) केंद्रांतून मोफत औषधं सुरू झाली. त्या पहिल्या मिश्रणात नेव्हिरॅपिन होतं. हे औषध एचआयव्ही-१वर चालतं, एचआयव्ही-२वर मुळीच चालत नाही, आणि एफाव्हिरेन्झचंही तसंच. दुहेरी लागण न ओळखता अशी गोळी दिली की एक विषाणू दबतो आणि दुसऱ्याला रान मोकळं होतं. नेहमीची व्हायरल लोड चाचणी मोजते तीही फक्त एचआयव्ही-१. ‘विषाणू आढळला नाही’ असा कागद हातात घेऊन रुग्ण निर्धास्त घरी जातो, आणि सीडी४ पेशी मात्र घसरत राहतात. म्हणूनच एचआयव्ही-२ची खात्री करण्यासाठी देशात ठरावीक प्रयोगशाळा नेमल्या गेल्या. आता मुख्य औषध झालेलं डोलुटेग्राव्हिर दोन्ही विषाणूंवर चालतं, ही मोठी दिलाशाची गोष्ट आहे. तरी एचआयव्ही-२ मोजण्याची सोय सहज मिळायला हवी, विशेषतः जिथे या दोन साथी आफ्रिकेबाहेर प्रथम सोबत दिसल्या त्या महाराष्ट्रात आणि गोव्यात.

हे सगळं कळलं ते कुणामुळे, याचाही हिशेब ठेवला पाहिजे. सेनेगलमध्ये एचआयव्हीवरचे सरकारी औषधोपचार १९९८ साली सुरू झाले, गिनी-बिसाऊमध्ये २००५ साली. त्याआधीची सगळी वर्षं डाकारच्या स्त्रिया आणि बिसाऊचे पोलीस उपचारांविना रक्त देत राहिले. ६८ महिने आणि १०४ महिने या दोन आकड्यांमध्ये त्या पोलिसांची आजारपणं आणि मृत्यू मोजलेले आहेत. आज लागण कळताच औषध देण्याची पद्धत आहे, आणि ते सगळ्यांना मिळालंच पाहिजे. त्यामुळे अशी पाहणी पुन्हा कधी होणार नाही, आणि तिची गरजही पडू नये. तिच्यातून जे शिकायला मिळालं ते प्रत्येक एआरटी केंद्रातल्या तपासणीच्या टेबलापर्यंत पोचवणं हेच त्या माणसांचं ऋण फेडणं आहे, आणि ते आपल्याला जमण्यासारखं आहे.